सेट झालं

"एक सेट करायचाय," दारातून आत येत तो म्हणाला. "जरा घाईचं काम आहे."

मी हातातलं मेण खाली ठेवलं. घाई सगळ्यांनाच असते. दात पडताना वर्षानुवर्षं बघत बसतात, आणि बसवायचे म्हटले की उद्या हवेत!

"वरचा, खालचा, की दोन्ही?"

"दोन्ही. दोन मजली आहे."

दोन मजली! लोक आपल्या तोंडाबद्दल वाट्टेल ते बोलतात, मला सवय होती. "कोणाचा? तुमचा तर दिसत नाही." त्याचे स्वतःचे दात चांगले होते. पुढचा एक किंचित वाकडा, पण हसताना तोच आधी दिसायचा आणि... असो.

"राजाचा आहे."

"जुना आहे का त्यांच्याकडे?"

"आहे, पण हलतो हो. परवा राजा बोलता बोलता जरा मागे रेलला, तर अख्खा पुढे आला. सगळे हसायला लागले."

"हसणारच. किती वर्षं वापरताय?"

"सात-आठ तरी झाली असतील. वाळवी लागलीय."

मी चपापले. "कीड म्हणायचंय तुम्हाला."

"कीड म्हणा हवं तर. नवा मजबूत पाहिजे. फक्त शेवटच्या अंकात एका धक्क्यात खाली पडला पाहिजे."

"अहो, पडू नये म्हणून तर लोक माझ्याकडे येतात!"

"आणि उंची चौदा फूट."

आता मात्र मी उठून उभी राहिले. तोही एक पाऊल मागे सरकला, आणि तेव्हा कुठे त्याची नजर माझ्या मागच्या फळीवर गेली. तिथे एका ओळीत पंधरा-वीस जबडे त्याच्याकडे बघून हसत होते.

"बाहेर पाटी आहे ना... 'सेट बनवून मिळतील'..."

"दातांचे!" मी ओरडले. "दातांचे सेट! कवळ्या! पहिला शब्द त्या शेजारच्या शिंप्याच्या ताडपत्रीखाली गेलाय!"

तो हसला. असा हसला, की भिंतीला टेकून खालीच बसला. पलीकडच्या खोलीत डॉक्टरांच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या पेशंटनेही मान वळवून बघितलं म्हणे. मला राग आला होता, पण तो हसू थांबवायला बघायचा आणि मग त्या जबड्यांकडे नजर जाऊन पुन्हा सुटायचा. शेवटी मीही सुटले.

तर आमची ओळख अशी झाली. एका उपऱ्या, तीन अक्षरी शब्दाने. बरं, आपल्याकडे लिहायला गेलं तर दोनच अक्षरं. त्यात मावणार काय, असं वाटेल. पुढे मला कळलं, आयुष्य मावतं.

तो नाटक कंपनीचा सेट उभारणारा. महाल, झोपडी, जंगल, कोर्ट, काय म्हणाल ते. मी कवळ्या करणारी, दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत. तो मला 'दातवाली' म्हणायचा आणि मी त्याला 'सेटवाले'. नावं कळली होती हो, पण वापरायची गरजच पडली नाही.

आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी खरोखरच दातांसाठी. सोबत वडील होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना एकेकाळी त्याच कंपनीत खलनायकाची कामं करत. आवाज असा, की मागच्या रांगेतलं झोपलेलं मूल उठून बसायचं. पण दात गेले आणि शब्दांतली सगळी धारच गेली. 'याला फासावर द्या' म्हणायला गेले तर त्यातून फक्त वारा यायचा. कंपनीने प्रेमाने घरी बसवलं होतं.

"पोरी," नाना म्हणाले, पण ते 'फोरी' असंच ऐकू आलं, "मला चावायला नकोत. मला बोलायला पाहिजेत."

एवढं नेमकं कोणी मागितलं नव्हतं मला. लोक विचारतात, हाडं चावता येतील का, फोटोत बरे दिसतील का. मी त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडले. लेकाच्या नंतर पडले, तेही थोडंसंच नंतर.

कवळीला फेऱ्या लागतात. आधी माप, मग प्लास्टरचा साचा, मग मेणावर दात लावून बघायचं, मग पुन्हा घासायचं. नाना प्रत्येक फेरीला येत आणि तो त्यांना सोडायला येई. सोडायला येणारा माणूस सोडून परत जातो. हा जायचाच नाही.

"तुमच्याकडेही प्लास्टर?" एकदा त्याने विचारलं. मी वाटीत पाणी ओतून घोटत होते. "आमचे खांब यानेच होतात."

"मग माहितीच असेल. सेट होईपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि सेट झालं हे कसं कळतं?"

"तुम्हाला नाही माहीत?"

"मला माहितीये. तुम्ही सांगा."

आगाऊ! पण मी त्याचा हात धरला, उगाच, आणि साच्यावर ठेवला. प्लास्टर घट्ट होताना आतून तापतं. कोमट, मग चांगलंच गरम. मला माझा हात काढून घ्यायचा होता... घेतला नाही. नाना खुर्चीत बसून छताकडे बघत होते, तोंडात मेण होतं म्हणून बरं.

त्या शब्दाचा आमचा खेळच होऊन बसला. जो 'सेट'चा नवा अर्थ आणील, त्याला दुसऱ्याने चहा पाजायचा.

"वहिनीच्या हातून बशी फुटली," मी म्हणायचे. "चहाचा सेट मोडला. दोन दिवस तोंड फुगवून बसलीय."

"एक चहा. आमच्या मॅनेजरने घड्याळ सेट केलं, अर्धा तास पुढे, म्हणजे आम्ही वेळेवर येऊ."

"तरी आलात उशिराच ना? आमच्या शेजारणीने केस सेट करून घेतले. नवऱ्याने ओळखलंच नाही."

"खोटं!"

"देवाशप्पथ! दार नाही उघडलं त्याने."

"माझा भाऊ बँकेत सेट झाला. जेली सेट झाली. परीक्षेचा पेपर सेट करणारे मास्तर..."

"एका वेळी एक! एवढा चहा पिऊन मरायचंय का?"

"या इंग्रजांची कमाल आहे," तो म्हणायचा. "एक शब्द घेतला आणि जिथे भोक दिसेल तिथे बुजवत सुटले."

"तुमचं-माझं पोट चालतंय त्यावर. नावं ठेवू नका."

एकदा मी त्याचा सेट बघायला गेले. नाट्यगृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत महाल उभा होता. समोरून बघावं तर डोळे दिपतील, आणि मागून नुसत्या बांबूच्या काठ्या आणि गोणपाट. मी महालाच्या मागे उभी राहून हसत होते, तेवढ्यात पाऊस आला. बारीकसाच, पण आडोसा कुठेच नाही. त्याने जवळचा पडदा ओढला, आभाळ रंगवलेला, आणि दोघांच्या डोक्यावर धरला. आम्ही पळालो नाही. पळायला हवं होतं, पण त्या निळ्या कापडाखाली इतकं शांत होतं... त्याचा श्वास ऐकू येत होता.

"रंग जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. पुन्हा काढीन आभाळ."

"मॅनेजर ओरडेल."

"ओरडू दे."

"अहो, पण..."

"आता 'अहो' पुरे ना," तो म्हणाला. खूप हळू.

घरी गेले तर खांद्यावर निळा ओघळ. वहिनीने तो बघितला, माझं तोंड बघितलं, आणि साबण आणून दिला. वहिनी हुशार बाई. पण तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"वहिनी मला तिच्या मावसभावाशी सेट करायला बघतेय," दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं. अगदी सहज. म्हणजे, सहज वाटावं अशा बेताने.

त्याच्या हातातली करवत थांबली.

"काय झालं? नवा अर्थ आहे. चहा पाज."

"अर्थ नवा आहे," तो म्हणाला, "पण चहा मिळणार नाही."

"का म्हणून?"

"नाही मिळणार म्हणजे नाही मिळणार!" आणि त्याने तो बिचारा बांबू असा कापला, की नको तिथे दोन तुकडे झाले. मी घरी जाताना वाटेत वेड्यासारखी हसत होते.

मग कंपनीचा दौरा ठरला. लांबचा, वर्षभराचा तरी. मॅनेजरला त्याच्याशिवाय कोणी चालणार नव्हतं. नानांनाही ते परत घ्यायला तयार होते, बोलता आलं तर. त्या दिवशी तो एकटाच आला. फळीवरचा एक साचा उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"तो डॉक्टरांच्या सासूबाईंचा आहे," मी म्हटलं. "पाडू नकोस."

"मॅनेजर सोमवारी निघतोय. मी... मी नाही येत, असं सांगू शकतो. इथे शाळांची कामं मिळतील, कपाटं करीन. नाना जातील एकटे, तोंडात दात आले की त्यांना कोणी लागत नाही. पण न जायला काहीतरी कारण पाहिजे ना?"

"काय कारण सांगशील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हा शब्द शोधतोय, आणि याला सापडणार नाही, आणि माझा जीव जाईल इथेच.

"तू," तो म्हणाला. "दुसरं काय?"

मी मेण उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ओठ हसत होते. आरशात बघितलं असतं तर स्वतःलाच लाज वाटली असती.

"घरी विचारशील?" त्याने विचारलं.

"दादा तसा तापट आहे."

"हो म्हणाले तर शुक्रवारी नानांकडे निरोप दे. मला त्या दिवशी कंपनीचं सामान बांधायचंय, यायला जमणार नाही. नुसतं 'सेट झालं' म्हण. नानांना काही कळणार नाही, मला कळेल. मग रविवारी सकाळी मी घरी येतो, रीतसर. आणि नाही म्हणाले तर... तर काही सांगू नकोस. मला नाही ऐकवणार. मी समजेन."

तेव्हा खिशात फोन नव्हते, हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. निरोप माणसाच्या तोंडून जायचा. आमचा तर अशा तोंडून जाणार होता, जे अजून माझ्या टेबलावर होतं.

दादा वीज कंपनीत वायरमन. बोलणंही तसंच, हात लावला की झटका. "नाटकातला सुतार?" तो ताटावरून ओरडला. "खोटी घरं बांधणारा?"

"मीसुद्धा खोटे दातच करते की!"

"तोंड चालतंय बघ हिचं!"

"तुझीच बहीण आहे."

वहिनी मधेच हसली. मला वाटलं, आता ही मावसभावाचं काढणार. तिने माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "येऊ दे हो त्याला. माझा मावसभाऊ तसाही घोरतो."

दादाने ताट संपवलं. मग पाणी प्यायला, मिश्या पुसल्या. "रविवारी बोलाव. बघू तर खरं, कोण महाराजा आहे तो. आवडला तर माझी ना नाही." उठता उठता माझ्या डोक्यावर एक टपली मारली. हो म्हणायची त्याची हीच पद्धत.

शुक्रवारी नाना आले. मी कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली, त्यांनी स्वतः बसवली. वरची, मग खालची. आरसा धरला. म्हातारा स्वतःकडे बघत राहिला, मग एकेक शब्द तोंडात फिरवून बघू लागला. फूल. फास. शत्रू. फत्ते! आवाज पलीकडे डॉक्टरांपर्यंत गेला, ते टाळ्या वाजवत आले. मीही टाळ्या वाजवल्या. मला तर सगळ्या जगासाठीच वाजवाव्याशा वाटत होत्या.

"नाना," त्यांना दारापर्यंत सोडताना मी म्हटलं. माझं तोंड लाल झालं असणार. होणाऱ्या सासऱ्याला कुठल्या तोंडाने काय सांगायचं? आणि मागे डॉक्टर उभे. "त्यांना एवढंच सांगा, सेट झालं म्हणून."

"झालं म्हणजे काय, फक्कड झालं!" नाना म्हणाले आणि नवे दात दाखवत जिना उतरले.

रविवारी सकाळी दादाने इस्त्रीचा सदरा घातला. कोणी सांगितलं नव्हतं. वहिनीने एक बशी कमी असलेला तो चहाचा सेट काढला आणि फुटक्या बशीची जागा कळू नये म्हणून चारदा मांडला. मी आत-बाहेर करत होते. आमची खोली मागच्या अंगाला, रस्ता दिसत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघेही सावरून बसायचो. दूधवाला आला. वरच्या मजल्यावरचे आजोबा आले. चहा गार झाला, वहिनीने ओतून दुसरा ठेवला.

"येईल गं," दादा म्हणत होता. "रस्ता चुकला असेल. सुतार माणूस, दहा दारं विचारत येईल." दुपार उलटली तेव्हा तो उठला. "मी जाऊन बघू का? पत्ता दे."

"माझी शपथ आहे तुला," मी म्हटलं.

का घातली शपथ? निरोप मी दिला होता. आता यायचं त्याचं काम होतं. न येणाऱ्याला भावाने जाऊन ओढून आणायचं? एवढी का मी जड झाले होते कोणाला? मी आत जाऊन पालथी पडले आणि त्याला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या घातल्या. बुधवारी न राहवून नाट्यगृहावर गेले, तर मागची जागा झाडून स्वच्छ. राखणदार म्हणाला, सोमवारीच गेली मंडळी. म्हातारे पण? म्हातारे तर सगळ्यांच्या पुढे, ट्रकच्या टपावर बसून भाषणं करत होते.

मग मी कामाला लागले. दुसरं काय करणार? कवळ्या केल्या. वहिनीच्या मावसभावाचं लग्न झालं, आम्ही जेवून आलो. दादाने त्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. नाटकाची जाहिरात दिसली की मात्र पेपर उलटा ठेवायचा. लोक म्हणतात, हिने लग्न केलं नाही. मी म्हणते, राहून गेलं. एखाद्या माणसाची चीड इतकी वर्षं पुरते, की ती चीडच आहे असं आपण धरून चालतो.

आणि परवा, मी एक साचा घासत बसलेली असताना, दारातून आवाज आला, "पोरी!"

'पोरी'. स्पष्ट, खणखणीत.

नाना! केस सगळे गेले होते, पाठ वाकली होती, पण दात माझेच. खालची कवळी सैल झाली होती. हिरड्या आटल्या की होतं तसं. मी त्यांना बसवलं. कंपनी परत आली होती, आठवडाभर प्रयोग होते. नाना अजून काम करतात, एकच प्रवेश, पण टाळी घेतात म्हणे.

"आणि... घरी सगळे?" मी कवळी घासत विचारलं. दौऱ्यात अडायला नको म्हणून नानांनी मधे कुठेतरी दुसरी जोडी करून घेतली होती, ती तोंडात घालून बोलत होते.

"मजेत. पोराचं लग्न झालं ना! आमचा कपडेपट सांभाळते ती. गुणी आहे. दोन नाती आहेत मला."

"छान," मी म्हटलं. छानच होतं.

"पण पहिलं वर्ष फार वाईट काढलं त्याने. का कोण जाणे! बोलायचा नाही, जेवायचा नाही. इथून निघतानाच बिनसलं होतं काहीतरी. मला अजून आठवतं, मी हे दात घेऊन घरी गेलो तर हा दारातच उभा. 'काय म्हणाली ती?' म्हणाला. मी म्हटलं, काय म्हणणार? म्हणाली, सेट झाला!"

मी कवळी खाली ठेवली.

"झाला?" मी विचारलं. "झालं नाही?"

"झालाच ना. सेट तो! 'वरचा पण झाला, खालचा पण झाला,' मी सांगितलं त्याला. तर हा विचारतो, 'आणखी काही? नीट आठवा नाना, आणखी काही?' मी म्हटलं, हो, रात्री पाण्यात ठेवायचा म्हणाली." नाना हसले. "तर हा तिथे पायरीवर बसला. मला वाटलं, बापाला दात आले म्हणून पोराला भरून आलं."

मी मशीन चालू केलं, उगाच, आवाज व्हावा म्हणून. झालं आणि झाला. अडतीस प्रकारचे अर्थ काढून चहा प्यालो होतो आम्ही, आणि या एकाच ठिकाणी... कोणाला बोलू? नानांनी निरोप दिला होता. त्यांचा सेट, त्यांचे दात, त्यांचा आनंद, ते 'झाला'च म्हणणार! आणि तो समजला, नाही म्हणाले. मी समजले, नाही आला. आम्ही दोघं एकमेकांवर रुसून म्हातारे व्हायला निघालो होतो, आणि रुसायला कारणच नव्हतं.

"दुपारी प्रयोग आहे, ये की," जाताना नाना म्हणाले.

मी गेले. सांगायला गेले होते, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेले. त्याला हे कळायलाच हवं होतं. मी हो म्हटलं होतं. माझ्या घरात तीन माणसं आवरून बसली होती. काही मागायचं नव्हतं मला. फक्त त्याला कळावं, की मी टाळलं नव्हतं.

प्रयोग संपला होता. तो रंगमंचावर होता, दोन माणसांना खांब कसा उतरवायचा ते सांगत होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. मला बघितलं आणि त्याच्या हातातली दोरी सुटली.

"दातवाली," तो म्हणाला. मग सावरला. "कशा आहात?"

आहात! "बरी आहे," मी म्हटलं. "तुम्ही?"

"चाललंय."

मागे त्याची माणसं खिळे उपटत होती.

"एक विचारू?" तो खाली बघत म्हणाला. "आता काही फरक पडत नाही, पण... तेव्हा घरी विचारलं होतंस का?"

हाच तो प्रश्न. तोंडाशी आलं होतं सगळं. आणि तेवढ्यात पलीकडून नानांचा आवाज आला. कोणा नव्या नटाला ते शिकवत होते, "शब्द पोचला पाहिजे बाळा! ऐकणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोचला पाहिजे! मी तीस वर्षं तेच केलं!" मला दिसलं, हे यांना कळलं तर हा म्हातारा दात काढून ठेवील आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि याला कळलं, तर हा बापाकडे रोज कसा बघेल? दोन लहान मुली आहेत त्या घरात.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "दादा नाही म्हणाला."

त्याने मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच. तरी मी त्या रविवारी आलो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो, दुपारपर्यंत. वाटलं, उगाच वर गेलो तर तुझीच पंचाईत होईल. दादा तापट आहेत, तू म्हणाली होतीस."

गल्लीच्या तोंडाशी. दादा म्हणत होता, रस्ता चुकला असेल. मी शपथ घातली नसती तर तो जिना उतरला असता आणि समोरच...

"बरं केलंत," मी म्हटलं. "फार चिडला असता तो."

"कसे आहेत दादा?"

"चांगला आहे."

त्याचा चेहरा मोकळा झाला होता. इतकी वर्षं त्याला वाटत असेल, हिने विचारलंच नाही. आता निदान ते तरी गेलं. मला त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायचं होतं. मी पदर नीट केला आणि त्याचे खांब छान झालेत असं म्हटलं.

तेवढ्यात त्याची बायको आली, हातावर राजाचा अंगरखा घेऊन. हसरी, गोल चेहऱ्याची. त्याने ओळख करून दिली, "या दातवाल्या बाई. नानांची कवळी यांनीच केली." तिने तो अंगरखा पटकन खांद्यावर टाकला आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हाला कधीपासून भेटायचं होतं हो! तुमच्यामुळे नानांचा शब्द न् शब्द कळतो बघा आम्हाला."

"हो," मी म्हटलं. "थोडे दिवस जातात. सुरुवातीला एखादा शब्द इकडचा तिकडे होतो."